कागड्यावरचा खोटा बहर

माझी पत्नी किंजल हिच्या डोहाळजेवणाचा दिवस आठवला की आजही माझ्या अंगावर काटा उभा राहतो. वास्तविक त्या दिवशी भिण्याजोगे काहीच घडले नव्हते. मार्गशीर्षातले कोवळे ऊन पडले होते, अंगणात पाट मांडला होता, पाटाभोवती माझ्या थोरल्या बहिणीने, आनंदीताईने, रांगोळी घातली होती, आणि आमच्या घिवली गावातल्या बायका ओटीचे तांदूळ घेऊन दाटीवाटीने बसल्या होत्या. भय त्या सर्वांच्या मध्ये, सुगंध लेवून, माझ्या पत्नीच्या गळ्यात बसले होते. आम्हां कोणालाही ते ओळखता आले नाही.

प्रथम आमच्या घराण्याची रीत सांगणे आवश्यक आहे. पोटुशीला सातव्या महिन्यात जे फुलांचे दागिने घालतात, मुकुट, बाजूबंद, हार, कंबरपट्टा, ते आमच्याकडे विकतच्या फुलांचे चालत नाहीत. फुले स्वतःच्या वाडीतलीच असावी लागतात. शिवाय ती खुडताना कोणी हुंगायची नाहीत. हुंगलेले फूल उष्टे होते, आणि उष्टे फूल जसे देवाला चालत नाही तसे गर्भवतीलाही चालत नाही, अशी माझ्या आईची, नर्मदाबाईंची, श्रद्धा आहे. म्हणून त्या सकाळी आईने नाकातोंडावर पदर घट्ट बांधून फुले खुडली, तशाच बांधलेल्या तोंडाने ती ओवली, आणि ओवताना आनंदीताईलाही जवळ वाकून पाहू दिले नाही. श्वास लागतो म्हणे.

आमच्या विहिरीच्या कडेने कागड्याचे कुंपण आहे. कागडा हे जाईजुईच्या कुळातले झुडूप. थंडी पडली की ते पांढऱ्याशुभ्र फुलांनी भरून जाते. त्या वर्षी मात्र पांढऱ्या फुलांच्या मधून, शेंड्याशेंड्यांवर, केशरी-पिवळ्या रंगाचे जाड घोस आले होते. त्यांच्यावर मधमाश्यांची अशी झुंबड उडे की कुंपणच गुणगुणत आहे असा भास व्हावा. लांबूनसुद्धा मधासारखा गोड दरवळ येई.

"आमचा कागडा सोन्यानं फुलला हाय," आई शेजारणींना सांगत होती. "माझ्या जन्मात असा कवा बघितला नाय. सुनेचं पोट बघून फुललाय तो."

ते सोनेरी घोस आईने हारात मधोमध गुंफले होते, आणि कंबरपट्ट्यात अगदी पोटावर येतील अशा बेताने बसवले होते.

मी पडवीच्या खांबाला टेकून हा सोहळा पाहत होतो.

"काय रे विश्राम," आनंदीताई ओरडली, "असा टकामका काय बघतोस? तुला बी बांधू काय एक बाजूबंद?"

"बांध ताई. कंपनीत घालून जातो. सुपरवायझर एक दिवस तरी वळून बघेल माझ्याकडे."

"सुपरवायझरच्या बायकोला आदी विचार!" मागून कोणीतरी म्हणाले आणि बायका फिदीफिदी हसल्या. किंजलही हसली. तिचे ते हसणे मी मुद्दाम नमूद करतो, कारण त्यानंतर पुष्कळ काळ मला ते पाहावयास मिळाले नाही.

दागिने उतरवताना पहिला धक्का बसला. किंजलच्या गळ्यावर, दंडांवर आणि हिरव्या साडीच्या पोटावरच्या भागावर गंजासारखी केशरी भुकटी सांडली होती. मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कापड कारखान्याच्या रंगखात्यात काम करतो; डाग कोणत्या जातीचा आहे हे मला बोटाने चोळून समजते. ही भुकटी मी बोटावर घेतली. ती परागासारखी कोरडी नव्हती आणि रंगासारखी पातळही नव्हती. ती बोटांच्या रेषांत शिरून बसली. त्वचेवरून ती साबणाने निघाली. साडीवरून निघाली नाही. नेमका पोटावरचा तेवढा भाग केशरी राहिला.

"हळदच लागली म्हणायची," आई म्हणाली. पण तिचा आवाज बदलला होता.

दुसऱ्या दिवशी मी कुंपणापाशी जाऊन त्यातला एक घोस खुडला आणि नखाने उकलून पाहिला. फूल उकलले की आत काहीतरी सापडते: पाकळ्यांची मुळे, केसर, देठाशी हिरवा ठिपका. या घोसात आत काहीच नव्हते. पाकळी म्हणून जे दिसत होते ती सुजलेली, वाकडी झालेली कोवळी पाने आणि कोंब होते. त्यांच्यावर लहान लहान वाट्या उमटल्या होत्या आणि प्रत्येक वाटीत ती भुकटी गच्च भरलेली होती. काही कोवळ्या घोसांवर चिकट पाण्याचे थेंब होते. मधमाश्या ते थेंब चाटत होत्या, आणि चाटून झाल्यावर शेजारच्या निरोगी शेंड्यावर जाऊन बसत होत्या. माझ्या हातातल्या वस्तूला फुलाचा रंग होता, फुलाचा गंध होता, फुलाचा मध होता. फक्त फूल नव्हते. मी ती खाली टाकली आणि हात पँटला पुसले.

शेजारचे बळवंतकाका कुंपणापलीकडून पाहत होते. आमच्या गावात काही अनोळखी दिसले की माणसांची हनुवटी आपोआप समुद्राकडे, अणुवीज केंद्राच्या घुमटांकडे वळते. काकांचीही वळली.

"तिकडचाच असेल काय तरी," ते हळूच म्हणाले. "आणि तुमी तो पोरीच्या पोटावर बांधला."

हे शब्द आईने ऐकले आणि ती मटकन विहिरीच्या काठावर बसली.

आमचे भय वाचकांना अवाजवी वाटू नये म्हणून मागची हकिगत सांगितली पाहिजे. किंजलला याआधी एकदा दिवस गेले होते. चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या होत्या, उलट्या होत होत्या, पोट तर दिवसांच्या मानाने लवकर वाढत होते, म्हणून आईने जुळ्यांची दुपटी शिवायला घेतली होती. तिसऱ्या महिन्यात चोरओटीही भरली. पुढे रक्तस्राव सुरू झाला आणि आम्ही तिला बोईसरच्या रुग्णालयात नेले. तेथे समजले की पोटात मूल नाही. मूल कधी नव्हतेच. त्या विकाराला द्राक्षगर्भ असे नाव आहे. गर्भाशयात बाळाऐवजी द्राक्षांच्या घडासारखे फोड वाढत जातात, आणि शरीर मात्र गर्भ राहिल्याप्रमाणेच सर्व लक्षणे दाखवीत राहते. ते सर्व काढून टाकावे लागले. पुढे पुष्कळ काळ तपासण्या चालल्या, डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा कुठे हे दुसरे दिवस. यावेळी सर्व काही ठीक आहे असे प्रत्येक तपासणीत सांगण्यात आले होते. तरीही आम्ही दोघे त्या पोटाविषयी बोलताना आवाज खाली आणून बोलत असू, जणू कोणी ऐकेल.

म्हणून मी धीरजला बोलावले. धीरज हा मनोरचा तरुण. शेतकीचे शिक्षण घेतलेला आणि आमच्या पट्ट्यातल्या बागांवरची रोगराई पाहत फिरणारा. तो मोटारसायकलवरून आला, कुंपणापाशी गेला, खिशातून भिंग काढून त्याने घोस पाहिला आणि त्याचा चेहरा एखादा जुना मित्र भेटावा तसा उजळला.

"दादा, हे फूल नाहीच."

"मग काय आहे?"

"बुरशी. गव्हावर तांबेरा पडतो ना, त्याच कुळातली. कागड्यावर, रानातल्या कुसरीच्या वेलावर पडते ही. घाबरण्यासारखं काय नाय."

"म्हंजे तिकडचा नाय?" बळवंतकाकांनी हनुवटी उडवली.

"काका, ही बुरशी तुमच्या पणजोबांच्या आधीपासून हाय. तिला वीज लागत नाय."

काका हसले. आई हसली आणि चहा टाकायला आत गेली. माझ्याही छातीवरचे ओझे हलले. धीरजला ऐकणारे मिळाले की सांगण्याचा उत्साह येतो. तो पडवीत बसून बोलू लागला आणि मी मनापासून ऐकू लागलो. बुरशी कोवळ्या शेंड्यात शिरते, असे त्याने सांगितले. जेथे झाड फुलायच्या तयारीत असते तेथेच ती ताबा घेते. मग झाड फुलाऐवजी तिलाच वाढवते. तिला स्वतःला पाय नाहीत, पंख नाहीत; तिच्या एका झाडावरच्या कणांना दुसऱ्या झाडावरच्या कणांशी गाठ घालायची असते, म्हणून ती फुलाचे सोंग घेते आणि माश्यांना बोलावते.

"हे तर काहीच नाय," तो म्हणाला. "परदेशात एका गवतावर अशी बुरशी सापडली हाय, ती पाकळ्यांसकट अख्खं पिवळं फूल स्वतःच्या अंगाचं करते. त्या फुलात झाडाचा एक कण नसतो. माशी जवळ येऊन बघते तरी फसते."

"झाडाला कळतं काय?"

किंजल दाराच्या चौकटीत उभी होती. ती केव्हा आली हे आम्हांला समजले नाही.

"काय, वहिनी?"

"की हे आपलं फूल नाय."

धीरज हसला. तो वाईट मनाचा मनुष्य मुळीच नाही. त्याला मागची हकिगत ठाऊक नव्हती. "झाडाला काय कळणार? झाड तर त्याला अन्नपाणी घालतं. चांगल्या फुलापेक्षा जास्तच घालतं. आपलंच समजून पोसतं बिचारं."

किंजलने मान हलवली आणि ती आत गेली.

तो जाताना सांगून गेला की रोगट शेंडे कापून जाळून टाका, बाकी माणसाला याचा काही अपाय नाही. आईने त्याच संध्याकाळी देवापुढे नारळ फोडला. घरातली भीती गेली असे सर्वांना वाटले. ती फक्त एका खोलीत जाऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी किंजलने भाकरीचा एक तुकडा मोडला आणि ताट बाजूला सारले. पित्त झाले असेल, असे आई म्हणाली. दुपारी तिने भात पानातच ठेवला. रात्रीही तिने ताट तसेच सरकवले. आईने कोकमाचे सार केले, आंबोशीचे लोणचे काढले, खोबऱ्याची वडी केली.

"आगो, दोन जिवांची बाय तू. असा उपास कसला काढलास?"

"भूक नाय, आई."

"भूक तुला नसेल. त्याला हाय ना!"

किंजलने आईकडे असे पाहिले की आईने पुढे केलेली वडी मागे घेतली. मला तो दृष्टिक्षेप विसरता येत नाही. ज्या मनुष्याला आपल्या मागे कोण उभे आहे हे दिसत आहे आणि समोरच्याला दिसत नाही, तो असा पाहत असेल.

त्यानंतरच्या दुपारी मी सुट्टी घेऊन घरी राहिलो. आई बळवंतकाकांकडे गेली होती. किंजल खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी तिच्याजवळ बसलो.

"जेवत का नाहीस ते मला सांग."

तिने चादर खांद्यावर ओढून घेतली. मग भिंतीकडेच पाहत म्हणाली, "मी त्याला खायला घालणार नाय."

"कोणाला?"

"आत जे हाय त्याला."

मी म्हणालो, "असं अभद्र बोलू नये. तपासणीत दिसलंय ना? हात दिसले, पाय दिसले. आपण दोघांनी पाहिलंय पडद्यावर."

"माश्यांना बी फूलच दिसत होतं."

"अगं, ती बुरशी. ती झाडाची गोष्ट. माणसाचं—"

"मागच्या खेपेला काय होतं?" ती उठून बसली. "पट्टीवर दोन रेघा आल्या. उलट्या झाल्या. पोट आलं. आईंनी दुपटी शिवली. सगळं होतं, ओ. फक्त पोर नव्हतं. आणि मला कळलं नाय. माझं अंग त्याला पोसत होतं, दुधाची तयारी करत होतं. मला काय बी कळलं नाय." तिने पोटावरून हात काढून खाटेवर ठेवला, परक्याच्या घरात एखाद्या वस्तूला चुकून लागलेला हात काढावा तसा. "तवा बी मला हललंसं वाटलं होतं. तुमी हात ठेवला होता. तुमाला बी वाटलं होतं. आठवतं?"

मला आठवत होते. मी तेव्हा हात ठेवला होता आणि मोठ्या आनंदाने म्हणालो होतो की हलले. काय हलले होते ते मला आजवर समजलेले नाही.

"आणि आता?" मी विचारले.

"त्या दिवसापासनं हललं नाय." ती अगदी शांतपणे म्हणाली. "फुलं काढली त्या दिवसापासनं. ओळखलंय मी, हे त्याला समजलं."

"आपण दवाखान्यात जाऊ. आत्ता जाऊ."

"नाय जायचं. तिथे नेलं की ते तेच सांगतील, पोर नाय म्हणून. मागल्या येळी सांगितलं तसंच सांगतील. मला नाय ऐकायचं." तिने माझे मनगट धरले. "आईंना सांगू नका."

मी बाहेर आलो. काय करावे हे सुचत नसल्याने मी कोयता घेतला आणि कुंपणाकडे गेलो. धीरजने शेंडे कापायला सांगितले होते. मी बुंध्यापासून कापत गेलो. घोस खाली पडले तरी माश्या त्यांच्यावरून उठत नव्हत्या. जमिनीवर पडलेल्या त्या खोट्या फुलांना त्या चिकटूनच राहिल्या, शहाण्यासारख्या, मन लावून काम करीत. मी सर्व एका ठिकाणी लोटले आणि पेटवले. ओली लाकडे धुमसू लागली. धूर खाडीकडे जात होता, आणि माश्या धुराभोवती घिरट्या घालत तेच शोधत होत्या.

त्या वेळी, वाचकहो, मला जे झाले ते लिहिताना माझा हात जड होतो. आतापर्यंत मी पत्नीच्या मनाचे खेळ म्हणून त्या भीतीकडे पाहत होतो. धुरापुढे उभा असता ती भीती माझ्यात आली. रंगखात्यात कच्चा रंग आणि पक्का रंग एकसारखाच दिसतो. कापड पाण्यात घातल्यावाचून कोणालाही सांगता येत नाही. पडद्यावर मी जे हातपाय पाहिले होते ते काळ्यापांढऱ्या सावल्यांचे होते. ती सावली बाळाची आहे असे मला सांगण्यात आले होते, आणि मी आनंदाने ते मानले होते, जसे मागच्या खेपेस मानले होते. माझी पत्नी कालपासून उपाशी आहे आणि तिच्या पोटात काय आहे हे मला खरोखर माहीत नाही, हा विचार पहिल्यांदा माझ्या मनात स्पष्ट उभा राहिला. कोयता टाकून मी तेथेच मातीत बसलो.

मागे पाहिले तर किंजल मागच्या दारात उभी होती.

"जाळलं की झाड वाचतं?" तिने विचारले.

मला खोटे बोलता आले असते. धीरजने सांगितले होते की मूळ शिल्लक असले तर पुन्हा फुटते, कधी निरोगी, कधी नाही. मी म्हणालो, "मला माहीत नाही."

ती दोन पावले पुढे आली. "तुमचा चेहरा असा का झालाय?"

"मला भीती वाटते, किंजल."

"कसली?"

"तुला वाटते तीच."

मी हे बोललो आणि ती आता कोसळेल या विचाराने उठून पुढे झालो. ती कोसळली नाही. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. कित्येक दिवसांनी तिने माझ्याकडे थेट पाहिले.

"म्हणजे तुमाला बी वाटतं?"

"हो. मला वाटतं की ते कदाचित नसेलच."

"सगळे म्हणत होते काय नाय, काय नाय," ती म्हणाली. "मग चला. मला एकटीला नव्हतं बघायचं."

आम्ही रिक्षा करून बोईसरला गेलो. आईला तपासणी आहे एवढेच सांगितले. रस्त्यावर कंपन्यांच्या बस धूळ उडवीत होत्या. किंजल माझ्या हातावर हात ठेवून बसली होती आणि प्रत्येक खड्ड्याला तिची बोटे आवळली जात होती. ती पोट सांभाळत नव्हती, पोटापासून स्वतःला सांभाळत होती.

रुग्णालयाच्या बाकावर गर्दी होती. आमच्या शेजारी सरावलीच्या चाळीत राहणारी एक बिहारकडची बाई बसली होती. तिचा नवरा कुठल्याशा कारखान्यात होता आणि तिचेही पोट पुढे आलेले होते. ती न विचारताच बोलू लागली.

"पहला है दीदी?"

किंजल दाराकडे पाहत राहिली.

"डर लगता है ना? मेरा तीसरा है, फिर भी लगता है। ये बोलते हैं, तू तो मिक्सर से भी डरती है।" ती हसली. "सही बोलते हैं। डरती हूँ।"

आत बोलावले. डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या होत्या, फार न बोलणाऱ्या. त्यांनी किंजलला विचारले की बाळाची हालचाल कधीपासून कमी वाटते. किंजल म्हणाली की ती आता वाटतच नाही. त्यांनी भुवया आक्रसल्या, तिला टेबलावर निजवले, पोटावर थंड मलम लावले आणि हातातले यंत्र टेकवले.

यंत्रातून खरखर आली. समुद्राच्या कडेला शंख कानाला लावावा तशी. बाईंनी यंत्र सरकवले. पुन्हा खरखर. मी भिंतीवरचे लसीकरणाचे चित्र पाहत होतो आणि मला त्यातले एकही अक्षर वाचता येत नव्हते. किंजलने डोळे मिटले नव्हते. ती छताकडे पाहत होती, आणि तिच्या ओठांची हालचाल होत होती. मला वाटले ती देवाचे नाव घेत असेल. वाकून ऐकले तेव्हा ती म्हणत होती, "कळलं, कळलं, कळलं."

मग यंत्र एका जागी थांबले आणि आवाज आला. घोडा धावत यावा तसा, भरभर, एकसारखा.

"हे ठोके," बाई म्हणाल्या. "ऐकलंत?"

माझे डोळे भरून आले. किंजलचे आले नाहीत.

"हा आवाज मशीनचा हाय," ती म्हणाली.

"बाळाचा आहे."

"कशावरून?"

असा प्रश्न त्या बाईंना पूर्वी कोणी विचारला नसावा. त्या रागावतील असे मला वाटले. त्यांनी यंत्र बाजूला ठेवले, किंजलच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, नाडी पाहिली, आणि मला विचारले, "शेवटचं जेवल्या कधी?"

मी सांगितले. त्यांनी नर्सकडे पाहिले.

"हे पाहा," त्या किंजलजवळ खुर्ची ओढून बसल्या. "तुम्ही उपाशी, म्हणून तेही निपचित पडलंय. मी काही सांगितलं तर तुम्ही मानणार नाही, ते मला दिसतंय. तुम्ही काहीतरी खा. डाव्या कुशीवर पडून राहा. मग काय होतं ते तुमचं तुम्हाला कळेल. मला सांगावं लागणार नाही."

किंजलचा चेहरा पांढरा पडला. मला तिची अडचण एकदम समजली, आणि मला वाटते त्या खोलीत ती फक्त मलाच समजली. ते हलले तर ती त्याला खायला घालणार होती. आणि त्याला खायला घातल्यावाचून ते हलणार नव्हते. आत काय आहे हे माहीत नसताना तिने त्याला पोसायचे होते. पुन्हा एकदा.

मी खायला काही आणावे म्हणून बाहेर धावलो. उपाहारगृहापर्यंत जाण्याचेही मला भान नव्हते. बाकावरची ती बाई माझे तोंड पाहून उभी राहिली.

"क्या हुआ भैया?"

"उसको कुछ खिलाना है।"

तिने पिशवीतून डबा काढला आणि माझ्या हातात दिला. त्यात तिने घरी तळलेले ठेकुए होते, गव्हाच्या पिठाचे, गुळाचे, कडक. "ले जाओ, ले जाओ। डब्बा बाद में देना।"

किंजल डाव्या कुशीवर निजली होती. मी ठेकुआ तिच्या हातात दिला. तिने तो हातात धरून ठेवला. पंखा फिरत होता. बाहेर कोणाच्या तरी नावाचा पुकारा झाला.

"तुमी बी खा," ती शेवटी म्हणाली.

मी एक घेतला. तिने मी खातो का हे पाहिले, आणि मग अगदी लहान तुकडा तोडून तोंडात टाकला. ती इतक्या सावकाश चावत होती की मला तिचा जबडा दुखतो की काय असे वाटले. गिळताना तिने डोळे घट्ट मिटून घेतले. दुसरा तुकडा. तिसरा. तिच्या गालांवरून पाणी वाहू लागले तरी ती खात राहिली, भ्यायलेले मूल औषध घेते तशी. आणि मी तिच्या पाठीशी बसून तेच कडक गोड चावत राहिलो.

"हात ठेवा," ती म्हणाली.

मी ठेवला नाही. मला धैर्य झाले नाही. तिने माझा हात स्वतः ओढून पोटावर ठेवला आणि त्यावर आपला हात दाबून धरला. आम्ही वाट पाहू लागलो. माझ्या तळहाताखाली तिचे पोट ताठ होते, उबदार होते, आणि काहीही हालत नव्हते.

मग आतून काहीतरी माझ्या हातावर आदळले.

किंजल दचकून ओरडली. मीही हात मागे घेतला. नर्स दारातून डोकावली आणि हसून निघून गेली, पण आम्हां दोघांना हसू आले नाही. आम्ही एकमेकांकडे पाहत होतो. पुन्हा आदळले, या वेळी खाली, फासळीपासून दूर, रागावल्यासारखे. आणि मग एक सबंध उंचवटा पोटाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, साडीखालून सरकत गेला. मागच्या खेपेस असे कधी झाले नव्हते.

"हे कोण हाय?" किंजल कुजबुजली.

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिने डब्यातून दुसरा ठेकुआ काढला, अर्धा मोडला, आणि एका हाताने पोट धरून खाऊ लागली. पोटावरचा हात तिने आता तेथून काढला नाही.